पोदेराचा भोंपू आणि पिल्लाची पहाट

नमस्कार श्रोतेहो.

ज्यांच्या घरी नुकतेच कुत्र्याचे पिल्लू आले आहे, त्यांच्यासाठी आजचे हे भाषण आहे, आणि ते ऐकताना त्यांना मध्येच जांभई आली तर मी वाईट वाटून घेणार नाही. दोन महिन्यांचे पिल्लू दिवसाचे १८ ते २० तास झोपते आणि तरीही घरातल्या कोणालाही झोपू देत नाही, कारण ते सलग झोपत नाही.

पिल्लाच्या लघवीचा हिशेब सोपा आहे. त्याच्या वयाच्या महिन्यांत एक मिळवावा, म्हणजे दिवसा ते साधारण किती तास थांबू शकेल याचा अंदाज येतो. दोन महिन्यांच्या पिल्लाला फार तर तीन तास. झोपेत लघवी कमी तयार होत असल्याने रात्री थोडा अधिक अवधी मिळतो, परंतु रात्री ११ ते पहाटे ६ हे अंतर त्या जिवाला झेपणारे नसते. म्हणून पहिले काही आठवडे रात्री दोन-अडीचच्या सुमारास आपणच उठून त्याला बाहेर न्यावे. आपणच उठून, हे मी पुन्हा सांगते. ते रडू लागल्यावर नव्हे, त्याच्या आधी. रडल्यावर दार उघडते हे एकदा त्याच्या ध्यानात आले की ते रडण्यासाठीच जागे होऊ लागते.

हे मी ठामपणे सांगू शकते, कारण ती चूक मी स्वतः केलेली आहे. आमचे घर गोव्यातल्या फोंडा तालुक्यात, चिऱ्यांचे, पुढे पडवी आणि मागे केळी-माडांचे परसू असलेले. मृगाच्या पावसात आमच्याकडे आठ आठवड्यांचे एक गावठी पिल्लू आले. जत्रेत मिळणाऱ्या आल्याच्या खाज्यासारखा त्याचा रंग, म्हणून त्याचे नाव खाजे ठेवले. नाव ऐकून त्याला खाज सुटते की काय, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. (आमच्या दमट हवेत सैबेरियन हस्की आणून त्याच्यासाठी रात्रभर एसी चालवणाऱ्यांविषयी मला काय वाटते ते येथे सांगत नाही, आमचे खाजे गावठी आहे, एवढेच सांगते.) ते पहाटे चारला रडले, मी उठले आणि गप्प करण्यासाठी त्याला बिस्किट दिले. दुसऱ्या दिवशी ते पावणेचारला रडले आणि आठवड्याभरात साडेतीनवर आले. बिस्किट बंद केले, दोन वाजताची फेरी माझ्या गजराने सुरू केली, तेव्हा कुठे ते पुन्हा साडेपाचपर्यंत झोपू लागले.

येथवर सारे शास्त्रशुद्ध होते. पुढे माझा आळस आडवा आला. आमच्या वाड्यावर पोदेर, म्हणजे दारोदार पाव विकणारा, पावणेसहाला येतो. माझ्या आजीच्या काळी पोदेराच्या हाती घुंगरांची काठी असे आणि तिचा खुळखुळ ऐकून मुले दाराशी धावत, असे ती सांगायची. आता सायकल आणि रबरी भोंपू आला, आणि खरे सांगायचे तर मला अजून ती काठीच बरी वाटते, न ऐकताही. तर, भोंपू रोज वाजतोच, मग साडेपाचचा गजर कशाला, असा विचार मी केला. भोंपू वाजला की मी उठायची, खाज्याला उचलून थेट परसात केळीपलीकडे न्यायची, त्याचा विधी उरकला की परतताना फाटकावर कातरे पाव घ्यायची आणि त्यातला गरम तुकडा बक्षीस म्हणून त्याला द्यायची. भोंपू, परसू, लघवी, पाव. असे ४० दिवस चालले, आणि घरात एक थेंबही सांडेना म्हणून मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना उपदेश करू लागले.

पोदेर दुपारी चारच्या सुमारासही येतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण त्या वेळी खाजे बहुधा माझ्याबरोबर परसातच असे, त्यामुळे भोंपू ऐकून त्याने काय केले याकडे माझे लक्ष जाण्याचे कारणच नव्हते.

श्रावणात एका रविवारी सासूबाईंचे थोरले भाऊ पेडण्याहून आले. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. पांढरेशुभ्र, कडक इस्त्रीचे धोतर आणि जनावराची जागा उंबऱ्याबाहेर हा पक्का सिद्धांत, असे त्यांचे व्यक्तिमत्त्व. चहा होईपर्यंत खाजे त्यांच्या पायांशी इतक्या शहाण्यासारखे बसून राहिले की मामा विरघळले, आणि सासूबाईंनी आयुष्यात पाहिले नव्हते ते घडले. मामांनी पिल्लाला उचलून मांडीवर घेतले. मी कौतुकाने त्याच्या शिस्तीची हकीकत सांगत होते. रात्रीची फेरी सांगून झाली, पहाटेची अर्धी सांगून झाली, आणि वरच्या आळीतून भोंपू वाजला. खाज्याचे कान टवकारले. ते मांडीवरच्या मांडीवर नीट बसले, शांतपणे सगळे मोकळे केले, आणि माझ्याकडे पाहून शेपटी हलवू लागले. त्याला पावाचा तुकडा हवा होता. तो त्याचा हक्कच होता.

सासूबाई पंचा आणायला धावल्या. मामा जागचे हलले नाहीत. मी चाचरत सगळी भोंपूची कथा सांगितली, ती त्यांनी पूर्ण ऐकून घेतली आणि म्हणाले, “सुणें शिकलां, पूण तूं शिकूंक ना.” म्हणजे कुत्रे शिकले, पण तू शिकली नाहीस.

मामांचे म्हणणे तंतोतंत खरे होते. पिल्लू शिकते ते विधीच्या अगदी आधी काय घडले, ते. तो इशारा भोंपूचा असेल तर ते भोंपूचे ऐकेल, आणि भोंपू काही आपल्या हाती नसतो. इशारा आपल्या तोंडचा हवा. हे लक्षात ठेवा, इशारा आपल्या तोंडचा हवा. आपल्या भाषेने तो शब्द पूर्वीच घडवून ठेवलेला आहे, “परसाकडे”. आम्ही तोच घेतला. पिल्लू ठरलेल्या जागी वास घेत गोल फिरू लागले की हलक्या आवाजात तो शब्द म्हणायचा, विधी संपताच त्याच क्षणी, तेथेच, खाऊ द्यायचा. घरात परतल्यावर दिलेला खाऊ त्याच्या लेखी घरात येण्याचा असतो. मी गजर पुन्हा साडेपाचचा केला, म्हणजे पोदेर येण्याआधी सारे उरकलेले असे, आणि भोंपूनंतर खाज्याला परसात नेणेच बंद केले. जुनी सवय मोडायला तीन आठवडे लागले.

उरलेले थोडक्यात सांगते. पिल्लाचा खोका पहिले काही आठवडे आपल्या खाटेशेजारी ठेवावा, म्हणजे त्याची चुळबुळ ऐकू येते, आणि खोका अंग पसरून झोपता येईल एवढाच असावा, कारण झोपायची जागा घाण करणे पिल्लाला आवडत नाही. जागा प्रशस्त दिली तर एका कोपऱ्यात अंथरूण आणि दुसऱ्यात मोरी अशी वाटणी ते स्वतःच करते. शेवटचे जेवण झोपण्याच्या तीन तास आधी द्यावे, परंतु एप्रिल-मेच्या उकाड्यात पाणी मात्र तोडू नये. रात्री बाहेर नेताना उचलूनच न्यावे, चालत सोडले तर दारापर्यंत पोहोचण्याआधीच काम होते. दिवा, गप्पा, खेळ काही नको. विजेरी मात्र हवीच, पावसाळ्यात फुरशी आणि घोणस अंगणात येतात, आणि भेकाला, म्हणजे बेडकाला, तोंड लावले तर पिल्लाच्या तोंडाला फेस येतो. धो धो पावसात पिल्लू बाहेर पाऊल टाकत नाही, त्यासाठी पडवीच्या टोकाला परसातलीच माती घातलेला एक पसरट ट्रे ठेवावा. अंगणभर पेव्हर बसवून घेतलेल्यांनी ती माती शेजाऱ्याकडे मागावी.

घरात सांडलेच तर नाक घासणे, ओरडणे यांतून पिल्लू एवढेच शिकते की आपल्यासमोर लघवी करू नये, आणि मग ते कपाटामागे जाते. फिनेल वापरू नका, पिल्लू फरशी चाटते आणि ते त्याला विषारी असते. आपल्याकडे माडाचे व्हिनेगर घरोघरी असते, ते पाण्यात मिसळून पुसले तर वास जातो, आणि वास गेला तरच पिल्लू त्या जागी परत जात नाही. लसींचा क्रम साधारण १६ आठवड्यांच्या सुमारास पूर्ण होईतो रस्त्यावर किंवा मैदानात नेऊ नये, कारण पार्वो या कुत्र्यांच्या रोगाचे विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतात. पिल्लू वारंवार थेंब थेंब करत असेल, कुंथत असेल किंवा लघवीत रक्त दिसले, तर तो शिस्तीचा प्रश्न नव्हे; त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे.

खाजे आता रात्री ११ ते साडेपाच निवांत झोपते. पावणेसहाला भोंपू वाजला की ते अजूनही फाटकाकडे धावते, पण केवळ पावासाठी. मामा चवथीला आले होते. चार वाजण्याआधी त्यांनी त्याला मांडीवरून उतरवले.