अ‍ॅडमिरल सेर्वेरा : ठाऊक असलेल्या पराभवाकडे

३ जुलै १८९८, रविवार. सकाळी साडेनऊच्या सुमारास क्युबातील सान्तियागो बंदराच्या चिंचोळ्या मुखातून स्पेनच्या चार चिलखती क्रूझर आणि दोन विनाशिका एकामागोमाग एक बाहेर पडू लागल्या. स्पेन आणि अमेरिका यांच्यात युद्ध पेटले होते आणि बाहेर अमेरिकी आरमार टपून बसले होते. सर्वांत पुढच्या ‘इन्फान्ता मारिया तेरेसा’वर उभ्या असलेल्या अ‍ॅडमिरल पास्क्वाल सेर्वेरा यांना या मोहिमेचा शेवट आधीच ठाऊक होता, आणि तो त्यांनी माद्रिदला पत्रांतून पुन्हा पुन्हा कळवलाही होता.

सेर्वेरांचा जन्म १८३९ मधला, काडिस प्रांतातल्या मेदिना सिदोनियाचा. कोवळ्या वयात ते आरमारात शिरले. मोरोक्को, फिलिपिन्स आणि क्युबा इथे त्यांनी नोकरी केली. १८९२ च्या अखेरीस पंतप्रधान सागास्ता यांनी त्यांना आरमारमंत्री केले. आरमाराच्या खर्चाला कात्री लागू नये, हा त्यांचा आग्रह होता. कात्री लागली, आणि काही महिन्यांतच त्यांनी राजीनामा दिला. मंत्री म्हणून त्यांच्या नावावर फारसे काही नाही. मात्र ज्या काटकसरीपायी त्यांनी खुर्ची सोडली, त्याच काटकसरीत वाढलेला ताफा पाच वर्षांनी त्यांच्याच हाती देण्यात आला.

‘क्रिस्तोबाल कोलोन’ ही त्यातली सर्वांत नवी क्रूझर. तिच्यावर मुख्य तोफा बसवलेल्याच नव्हत्या. ‘विस्काया’चा तळ शेवाळ-शिंपल्यांनी इतका भरला होता की तिची चाल मंदावली होती. अटलांटिक ओलांडल्यावर कोळसाही पुरेसा मिळेना. कुरासाव बेटावर डच अधिकाऱ्यांनी दोनच जहाजांना आत येऊ दिले. १९ मे रोजी ताफा सान्तियागोत पोहोचला आणि तिथेच कोंडला गेला.

जूनच्या आरंभी बंदराचे मुख बुजवण्यासाठी अमेरिकनांनी ‘मेरिमॅक’ हे कोळशाचे जहाज तिथे बुडवले. त्यावरच्या आठ जणांना सेर्वेरांनी आपल्या होडीत घेतले आणि ते सुखरूप असल्याचा निरोप शत्रूकडे धाडला. युद्धाच्या धामधुमीत असे सौजन्य क्वचितच दिसते.

अखेर हवानाहून क्युबाचे स्पॅनिश गव्हर्नर जनरल ब्लांको यांचा बंदराबाहेर पडण्याचा हुकूम सुटला. काही तासांत सहाही जहाजे नष्ट झाली. तीनशेहून अधिक स्पॅनिश खलाशी मारले गेले, अमेरिकेचा केवळ एक. जळत्या जहाजावरून पोहत किनारा गाठलेले सेर्वेरा कैद झाले, तरी ‘आयोवा’ युद्धनौकेवर त्यांचे स्वागत अ‍ॅडमिरलच्याच मानाने झाले.

मायदेशी त्यांची चौकशी झाली आणि तीतून ते दोषमुक्त सुटले. १९०३ मध्ये ते तहहयात सिनेटर झाले. १९०९ मध्ये पुएर्तो रेआल इथे त्यांचे निधन झाले.