भिंतीवरचा हिशेब

नाशिकच्या पांडवलेणीच्या पायऱ्या चढून आलेली बरीचशी मंडळी मूर्ती बघतात, फोटो काढतात आणि अर्ध्या तासात उतरायला लागतात. आजची सहल मात्र दहाव्या लेण्याच्या ओसरीतच थांबली आहे. सोबत शिलालेखांच्या अभ्यासक आहेत. भिंतीवर ब्राह्मी अक्षरं. खाली आडवी रेघ, तिच्यावर उभी रेघ: हा ‘न’. मुलं शोधायला लागतात आणि ‘नहपान’ या नावातले दोन्ही ‘न’ त्यांना सापडतात.

नहपान हा क्षत्रप (शक) राजा. लेख त्याचा जावई उषवदात याच्या दानाचा आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्याने ३,००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, कायमची ठेव म्हणून ठेवले. गोवर्धन म्हणजे गंगापूरच्या वाटेवर आजही असलेलं गाव. २,००० वर शेकडा एक व्याज, १,००० वर शेकडा पाऊण. मोठ्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास (पावसाळ्यातला मुक्काम) करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण, चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी.

“व्याज महिन्याचं की वर्षाचं?” मॅडम विचारतात.

वह्या निघतात. दोन हजारांवर महिन्याला २०, म्हणजे वर्षाला २४०. वीस भिक्खू, बारा-बारा कार्षापण. तेही २४०! उत्तर भिंतीवरच होतं. सहलीत दोन ठिकाणं कमी झाली तरी चालतील, पण हे गणित घालणारं माणूस सोबत हवंच.

दुपारी अंजनेरीच्या नाणे संग्रहालयात गोष्ट पुढे सरकते. १९०६ साली जोगलटेंभीला नहपानाची १३,०००हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर नहपानाला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटवलेला होता. राज्य कोणाच्या हातात गेलं, हे बाजारात प्रत्येकाच्या तळहातावर कळत होतं.

ज्या काळ्या कातळात ही लेणी कोरली, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पुढे स्फटिक वाढले. ते नीट बघायचे तर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय.

शेवटी नांदूरमधमेश्वर, २०२० साली रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत) आलेलं महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ ब्रिटिश काळात बंधारा झाला, गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं. दुर्बिणीत थापट्या बदक दिसतं. पक्षी अभ्यासक त्याची चोच बघायला सांगतात: रुंद, पसरट, कडेला कंगव्यासारखे बारीक दाते. चिखलपाणी तोंडात घ्यायचं, पाणी गाळून टाकायचं, किडे-बिया ठेवायच्या. खोल पाण्यात ही चराई जमत नाही, म्हणून हिवाळ्यात ती या उथळीवर उतरतात. आणि हाच गाळ वाढत राहिला तर पाणवनस्पती माजतील, उघडं पाणी आक्रसेल, बदकांना जागा उरणार नाही, हेही ते तिथेच, मुलांच्या हातात दुर्बीण असतानाच सांगतात.