डब्यावर नाव नसलेली गोळी

श्रोतेहो, नमस्कार.

मी फार्मासिस्ट. डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण दुकानात लोक सर्रास ‘डॉक्टरीणबाई’ म्हणतात आणि मी दरवेळी दुरुस्त करत बसत नाही. गेली सव्वीस वर्षं काउंटरमागे उभी राहून गोळ्यांच्या पट्ट्या कापून देतेय. त्यात सगळ्यात जास्त पट्ट्या कापल्या असतील त्या शुगरच्या.

मागच्या पावसाळ्यात आमच्या नेहमीच्या एक काकू आल्या. काउंटरवर त्यांनी कापडी पिशवी पालथी केली आणि म्हणाल्या, “यातलं काय घेऊ नि काय सोडू, एकदा सांग बाई.” चिठ्ठीवरच्या शुगरच्या दोन गोळ्या होत्या, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. बाकीचं चिठ्ठीवर नव्हतं. रसाची हिरवी बाटली, मुलानं ऑनलाइन मागवलेल्या दालचिनीच्या कॅप्सूल, हॉर्लिक्सच्या जुन्या बरणीत मेथीची पूड, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक लाकडी पेला.

पेला प्रदर्शनातून आणलेला. बिबळ्याच्या, म्हणजे विजयसार झाडाच्या, लाकडाचा. रात्री पाणी भरून ठेवायचं, सकाळी फिक्या चहासारखा रंग उतरला की अनशापोटी प्यायचं. बिबळ्याला हसण्यासारखं काही नाही बरं का. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं १९९८ साली नव्यानं मधुमेह झालेल्या रुग्णांवर त्याची चाचणी प्रसिद्ध केली होती आणि बऱ्याच जणांची साखर खाली आली होती. पण ते मोजूनमापून दिलेलं औषध होतं, पेल्यातलं पाणी नव्हे. शिवाय तुलनेला औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणारा दुसरा गट नव्हता. आणि पेला जुना होत जातो तसा त्यातून काय उतरतं, किती उतरतं, कोण मोजणार? काकूंना म्हटलं, प्या हवं तर, पण त्याच्या भरवशावर गोळी चुकवू नका.

मेथीची बरणी मात्र मी त्यांच्याकडे परत सरकवली. ही घ्या. मेथीच्या दाण्यात विरघळणारा चोथा असतो, भिजला की बुळबुळीत होतो. मेथी भिजत घातलेली वाटी धुताना बोटांना जो चिकटा लागतो ना, तोच. तो पोटात अन्नाभोवती राहतो आणि साखर रक्तात सावकाश उतरते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत यावर बरंच काम झालंय. फक्त प्रमाण ध्यानात ठेवा. अभ्यासांत लोकांनी दिवसाला १०, कुठे २५ ग्रॅमसुद्धा मेथी घेतलेली आहे. बाजारातल्या कॅप्सूलमध्ये असते अर्धा ग्रॅम. म्हणजे १० ग्रॅमसाठी वीस कॅप्सूल! त्यापेक्षा किराणा दुकानातली मेथी पाव किलो आणा, दळा, ताकात घ्या. इसबगोलाचंही तसंच. मात्र हे चिकट पदार्थ आणि तुमच्या गोळ्या एकाच घोटात नकोत, मधे तास-दोन तास जाऊ द्या.

दालचिनीचं प्रकरण गमतीचं आहे. २००३ साली पाकिस्तानात ६० रुग्णांवर एक अभ्यास झाला. रोज १, ३ किंवा ६ ग्रॅम दालचिनी, चाळीस दिवस. साखर उतरली. तेव्हापासून दालचिनीच्या कॅप्सूल सुटल्या त्या सुटल्या. नंतरच्या अभ्यासांत कधी गुण दिसला, कधी नाही, पण ती बातमी काही कुणी छापली नाही. आणि दालचिनी कुठली, हाही प्रश्न आहेच. बाजारात बहुधा मिळते ती जाड सालीची, कॅशिया. तिच्यात कुमारिन नावाचं द्रव्य असतं, ते रोज भरपूर पोटात गेलं तर यकृताला बाधू शकतं. खरी दालचिनी पातळ, कागदाच्या सुरळीत सुरळी घातल्यासारखी. ती आपल्या कोकणातही होते, दापोलीच्या कृषी विद्यापीठानं ‘कोकण तेज’ म्हणून जात काढली आहे तिची. पूड करून कॅप्सूलमध्ये भरल्यावर दोन्ही सारख्याच दिसतात. मसालेभाताला घालतो तेवढीनं काही बिघडत नाही, कॅप्सूल मात्र मी काकूंना बंद करायला सांगितल्या.

आता ती हिरवी बाटली. कारल्या-जांभळाचा रस, आणि लेबलावर बारीक अक्षरांत दुधी. इथे मी जरा थांबते. २०१० साली दिल्लीत एक शास्त्रज्ञ घरी काढलेला दुधी-कारल्याचा रस पिऊन दगावले. ते मधुमेहीच होते. दुधी कधीकधी कडू निघतो, त्यात कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्यं वाढलेली असतात. असा रस पोटात गेला की उलट्या सुरू होतात, उलटीतून रक्तही पडतं, रक्तदाब घसरतो. एरवी आपण कडू दुधीचा घोट थुंकून टाकू. पण त्यात कारलं असलं तर कडूपणा दुधीचा की कारल्याचा, कळणार कसं? म्हणून संशोधन परिषदेच्या समितीनं सांगितलं की दुधीचा रस दुसऱ्या कशात मिसळू नका, आणि कडू लागला तर घोटभरही घेऊ नका. दुधी चिरताना आपल्या आज्या एक फोड जिभेला लावून बघत. ती सवय सोडू नका.

याच वळणानं गुडमारचं सांगते. वीस-पंचवीस वनस्पतींची नावं छापलेल्या चूर्णात हे हमखास असतं. मी कॉलेजात असताना गुडमारचं पान चावून वर साखर खाल्ली होती. तोंडात वाळू आल्यासारखी लागली, गोडाचा मागमूस नाही. तेवढ्यावरून आमच्यातला एकजण म्हणाला, बघा, साखर मारली. अरे बाबा, जिभेवरची चव मेली, रक्तातली साखर आहे तिथेच आहे. रक्तातल्या साखरेवरही गुडमारचा काही परिणाम होतो असं दाखवणारे छोटे अभ्यास आहेत, पण ते आणि जिभेचा हा चमत्कार यांची गल्लत करून माल विकला जातो.

‘शुगर मुळापासून बरी’ अशी जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ च्या कायद्यानंच बंदी आहे. पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापावं लागतं, चष्मा लावून शोधा. आणि एखाद्या चूर्णानं आठ दिवसांत साखर धाडकन उतरली, तर मला आनंद होत नाही, शंका येते. असल्या ‘नैसर्गिक’ उत्पादनांत साखरेची ॲलोपॅथिक औषधं गुपचूप मिसळलेली अमेरिकेच्या औषध प्रशासनाला सापडली आहेत. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बोस्टन भागातल्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक औषधं तपासली होती, १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. मूत्रपिंडं आधीच थकलेल्या मधुमेह्याला हे परवडणारं नाही.

आणि समजा, चूर्णानं खरंच साखर उतरवली, तर? जोडीला ग्लिमेपिराइड चालूच असतं. काकू माळकरी, त्यांची एकादशी कधी चुकत नाही. त्या दिवशी पोटात अन्न नाही, गोळी मात्र घेतलेली, वर रस. दरदरून घाम, हात थरथरणं, डोळ्यांपुढे अंधारी. दोनदा झालं होतं असं, त्यांना वाटलं उपासानं. पण ही साखर फार खाली गेल्याची लक्षणं. श्रोतेहो, असं झालं तर तीन चमचे साखर पाण्यातून लगेच, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. आणि उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं, ते डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

पिशवी आवरून काकू निघाल्या. पायरीवरच थांबल्या. एका पायातली चप्पल वरच्या पायरीवर राहिली होती आणि दुसऱ्या पायरीवर उतरेपर्यंत त्यांना पत्ता नव्हता. मागनं एका मुलीनं हाक मारली म्हणून कळलं. “असंच होतं गं,” म्हणाल्या, “शुगर म्हटली की पायाला मुंग्या यायच्याच.”

इतकी वर्षं मी त्यांना मेटफॉर्मिन देत होते. अकरा वर्षं. आणि हे विचारायचं मला सुचलं नव्हतं, ही माझी चूक.

मेटफॉर्मिन चांगलं औषध आहे, स्वस्त आहे, आणि त्याचंही मूळ एका युरोपीय झाडपाल्यातच आहे. पण वर्षानुवर्षं घेतलं की अन्नातलं बी-१२ जीवनसत्त्व आतड्यातून नीट शोषलं जात नाही. यकृतात साठा असतो, त्यावर काही वर्षं निभतं, म्हणून लगेच कळत नाही. त्यातून बी-१२ मिळतं मासे, मटण, अंडी, दूध-दह्यातून. भाजी-भाकरीत ते नसतं. माळकरी माणूस, दूध चहापुरतं, आणि मेटफॉर्मिनची अकरा वर्षं. बी-१२ कमी पडलं की मुंग्या येतात, पाय बधिरतात, तोल जातो. मधुमेहानं नसा खराब झाल्यावरही नेमकं हेच होतं. त्यामुळे सगळं शुगरच्या खात्यावर जमा होतं आणि तपासायचं राहून जातं. २०२२ साली ब्रिटनच्या औषध नियामकांनी डॉक्टरांना बजावलं, मेटफॉर्मिनवरच्या रुग्णात अशी लक्षणं दिसली की बी-१२ बघा. रक्ताची साधी तपासणी आहे. नुसतं फॉलिक ॲसिड घेऊन भागत नाही, त्यानं रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसा आतून झिजत राहतात. आणि कृपा करून हे ऐकून मेटफॉर्मिन बंद करू नका. गोळी चालू ठेवून बी-१२ भरून काढता येतं.

काकूंना मी डॉक्टरांकडे परत धाडलं. सोबत सगळी पिशवी घेऊन जा म्हटलं, लाकडी पेल्यासकट. तपासणीत २०० च्या आसपास तरी हवं ते बी-१२ निघालं १२८. आधी इंजेक्शनं झाली, मग गोळी सुरू झाली. साधी पट्टी आहे, तिच्यावर ना कारल्याचं चित्र, ना कुठे मधुमेहाचं नाव.

मुंग्या पूर्ण गेलेल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, काही वाटा शुगरचा आहे, तो राहणार. परवा काकू पट्टी न्यायला आल्या होत्या. उतरताना चप्पल पुन्हा वरच्या पायरीवर राहिली. काकू थांबल्या, पाय मागे घेतला, अंगठ्यानं चप्पल चाचपली आणि घालून खाली उतरल्या.