पानशेत: पाझरावरची नजर

(ड्रोन दृश्य: पहाट, धुकं, हिरव्या उतारावरून कॅमेरा हळूहळू वर येतो. वर येताच पलीकडे पाणी.)

पावसाळ्यात पानशेतला येणारे पुष्कळजण या हिरव्या टेकडीच्या पायथ्याशी गाडी लावतात, भाजलेलं कणीस खातात आणि विचारतात, "धरण कुठंय?"

हेच धरण. आंबी नदीवरचं, एक किलोमीटरहून थोडं जास्त लांबीचं, मातीचं. पलीकडच्या पाण्याचं नाव तानाजीसागर. भरलं की साधारण साडेदहा टीएमसी, म्हणजे साडेदहा अब्ज घनफूट. इथून सुटलेलं पाणी खडकवासला धरणात जातं आणि तिथून पुण्याच्या नळांत. शेजारी मोसे नदीवर वरसगाव आहे, वर मुठेवर टेमघर. ही चार धरणं पुण्याचं पाणी सांभाळतात, आणि उरलेलं कालव्यातून पार दौंड-इंदापूरपर्यंत जातं.

(दृश्य: मातीचा ढेकूळ हातात. मूठ वळते, उघडते.)

मातीचं धरण म्हणजे नुसता ढीग नव्हे. मधोमध असतो गाभा. चिकण मातीचा, पाणी अडवणारा. त्याच्या दोन्ही अंगांना मुरमाचं कवच, गाभ्याला जागच्या जागी धरून ठेवणारं. नदीच्या तळात खडक लागेपर्यंत चर खणायचा, तो त्याच चिकण मातीनं भरायचा, मग वर चढत जायचं. वीतभर थर पसरायचा, पाणी शिंपायचं, रोलर फिरवायचा. पुन्हा थर, पुन्हा पाणी, पुन्हा रोलर. ओल कमी पडली तर माती दबत नाही. जास्त झाली तर रोलरखाली लापशीसारखी हलते. म्हणून मुरलेला माणूस आधी मूठ वळून बघतो. गोळा झाला पाहिजे, पण हाताला चिखल लागता कामा नये. प्रयोगशाळेचा दाखला नंतर येतो.

पाण्याच्या बाजूला हे दगड लावलेले दिसतात, ते पिचिंग. लाटांनी माती खरवडून नेऊ नये म्हणून. आणि सगळ्यात शेवटी, नदीचं पात्र उरलेलं असतं तिथं भराव घालून ते बंद करायचं, ती घळभरणी. ती एका उन्हाळ्यात संपवावी लागते, कारण मृग कुणासाठी थांबत नाही.

(दृश्य: विमोचकाचा मनोरा, पाण्यात उभा. झूम.)

आता हा मनोरा नीट पाहा. धरणाच्या पोटातून पाणी बाहेर काढायची वाट इथून सुरू होते. तिला विमोचक म्हणतात. मातीच्या धरणात सगळ्यात नाजूक जागा हीच. माती आणि काँक्रीट एकमेकांना चिकटतात, पण एकजीव कधीच होत नाहीत.

1961 सालचा जुलै. पानशेतचं धरण उभं राहिलं होतं, पण पुरं झालं नव्हतं. विमोचकाच्या दरवाजांची यंत्रणा बसायची होती, दरवाजे अर्धवट उघडे अडकवून ठेवलेले. धरणाच्या पोटातल्या विमोचकाच्या कमानीत लोखंडी सळया नव्हत्या, साधे काँक्रीटचे ठोकळे होते. आणि मावळात पाऊस कोसळत होता. तलाव दिवसाला कित्येक मीटर चढत होता. अर्धवट उघड्या दरवाजांतून पाणी प्रचंड वेगानं आत घुसत होतं आणि तिथं हवेला पुरेशी वाट नव्हती. हवा नाही की पाणी सरळ वाहत नाही. ते आदळतं, मागं ओढतं, पुन्हा आदळतं. या धक्क्यांनी कमान तडकली. तडकलेल्या जागेतून वरची माती आत जाऊ लागली, आणि पाण्याबरोबर बाहेर.

बाहेरून दिसलं एवढंच, की विमोचकाच्या बरोबर वरचा सुमारे 9 मीटर रुंदीचा पट्टा बसतोय. अडीच तासांत तो जवळजवळ दीड मीटर खचला. धरणाचा माथा आणि पाणी यांत आता फूट-दोन फुटांचं अंतर उरलं.

11 जुलैच्या रात्री लष्कराचे जवान भर पावसात या माथ्यावर वाळूची पोती रचत होते. त्या पोत्यांनी पुण्याला सकाळपर्यंतचा वेळ दिला. फुटायचं ते रात्री फुटलं नाही, उजाडल्यावर फुटलं. हे आम्हाला इथं मुद्दाम सांगायचंय.

(दृश्य: जुनी छायाचित्रं, सावकाश, पाच. निवेदन नाही. मग आजच्या नदीकाठच्या पेठेतला एक वाडा, पाणी कुठवर आलं होतं ते दाखवणारा एक वर केलेला हात.)

12 जुलै. खडकवासल्याच्या दगडी भिंतीनं काही तास तग धरला, मग तीही गेली. पुणं बुडालं, माणसं गेली, हजारो घरं गेली. पूरग्रस्तांच्या वसाहतींत आज तिसरी पिढी राहते.

त्यानंतर लोक म्हणू लागले, मातीचं धरण, कधी ना कधी फुटणारच. आम्हाला हे मान्य नाही. मातीनं दगा दिला नाही. तिच्या पोटात अर्धवट काम सोडून तिच्यावर पाणी चढवलं गेलं. त्याच आंबी नदीवर पुन्हा मातीचंच धरण बांधलं, ते 1972 मध्ये पूर्ण झालं, आणि तेव्हापासून ते उभं आहे. तुम्ही बघताय ते हेच.

(दृश्य: उतारावर गवत कापणारी माणसं. विळ्यांचा आवाज.)

हे गवत शोभेसाठी कापत नाहीत. गवत वाढलं की खालची भेग दिसत नाही, ओल दिसत नाही, बीळ दिसत नाही. या उतारावर झाडही वाढू द्यायचं नसतं. झाड मेलं की त्याचं मूळ कुजतं, आणि कुजलेल्या मुळाच्या जागी पाण्याला आयता बोगदा मिळतो. आम्हाला वाटेत एक वडाचं रोप दिसलं, बोटभर उंचीचं. धरणावरच्या ज्या कर्मचाऱ्यांच्या मागून आम्ही चालत होतो ते वाकले, उपटलं, पुढं गेले. बोलणं थांबवलंसुद्धा नाही.

देशात सगळ्यात जास्त मोठी धरणं महाराष्ट्रात आहेत, त्यातली बहुतेक मातीची. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर त्यांची तपासणी व्हायची असते. नाशिकला त्यासाठी धरण सुरक्षितता संघटना आहे. पण एका तपासणीपासून दुसरीपर्यंत जे दिवस उरतात, ते सगळे या माणसांचे. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण 2019 च्या जुलैत फुटलं. गळती होतेय, असं गावकरी आधीपासून सांगत होते. वीसहून जास्त माणसं गेली.

(दृश्य: धरणाचा पायथा. नाली. काँक्रीटच्या आडभिंतीत त्रिकोणी खाच, तिच्यातून पाण्याची बारीक धार.)

मातीचं धरण पाझरतंच. पाझर शून्य करता येत नाही, त्याला वाट द्यावी लागते. आत वाळूची गाळणी, खाली दगडी पायथा, तिथून ही नाली. धार खाचेतून किती उंचीनं पडते ते मोजलं की पाझर किती ते कळतं. तलाव चढला की धार थोडी वाढते. तलाव तेवढाच असताना धार वाढली, तर साहेबांना फोन. आणि पाणी गढूळ आलं, तर मध्यरात्रीसुद्धा फोन. गढूळ म्हणजे आतली माती निघालीय.

(दृश्य: हात, काचेची बाटली धारेखाली. बाटली उजेडाकडे धरली जाते. पलीकडचा हिरवा उतार बाटलीतून स्वच्छ दिसतो. मग वही, पेन.)

आजची नोंद, सकाळी आठ. पाऊस चालू. पाझर, नेहमीइतका. पाणी, निवळ.