आधी धुराची वाट: शिवसागरावरच्या लाँचमध्ये डिझेल हिटर

(दृश्य: बामणोलीचा धक्का, पहाट. पाण्यावर धुकं.)

डिसेंबर-जानेवारीत शिवसागरावर, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयावर, पहाटेची थंडी चांगलीच बोचते. बामणोली-तापोळ्याकडे दिसणाऱ्या बऱ्याच बोटींना वर छप्पर असतं आणि बाजू उघड्या. त्यांच्यात हिटर बसवून उपयोग नाही, ऊब निघाली की वाऱ्यावर जाते. आपण बोलतोय ते बंद केबिनच्या लाँचबद्दल: भल्या पहाटे कांदाटी खोऱ्याकडे सुटणारी, किंवा जिच्यात रात्री माणसं झोपतात अशी.

(दृश्य: उघडलेला हिटर.)

या डब्यात दोन हवा खेळतात. एक केबिनमधली: पंखा ती ओढतो, तापलेल्या धातूवरून फिरवतो आणि परत केबिनमध्ये सोडतो. दुसरी जळणाची: ती बाहेरून येते, डिझेलबरोबर जळते आणि धूर होऊन बाहेर जाते. या दोन वाटा कुठेही एकमेकींना भेटता कामा नयेत. बसवण्याचं सगळं काम याच एका गोष्टीभोवती फिरतं.

आकार निवडताना केबिन मोजा. ४ मीटर लांब, २ मीटर रुंद, १.८ मीटर उंच म्हणजे साधारण साडेचौदा घनमीटर. आपल्याकडच्या थंडीला २ किलोवॉट पुरतात. ‘असू दे जास्तीचा’ म्हणून ५ किलोवॉटचा घेतला, तर केबिन लगेच तापते आणि हिटर तासन्‌तास मंद जळत राहतो. मंद ज्योतीत डिझेल पुरतं जळत नाही, आत काजळी धरते आणि एक दिवस तो पेटतच नाही. उंचीची काळजी मात्र नको. विरळ हवेसाठीची जुळवणी साधारण १,५०० मीटरच्या वर लागते. भरलेल्या शिवसागराची पातळी ६६० मीटरच्या आसपास आहे.

(दृश्य: एक्झॉस्टची, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या पाइपची जोडणी, अगदी जवळून.)

आता धूर. बाजारात स्वस्तात मिळणारे बरेच संच ट्रकसाठी बनवलेले असतात. त्यांच्या सायलेन्सरला पाणी गळण्यासाठी बारीक छिद्र असतं आणि सांधे नुसते दाबून बसवलेले असतात. ट्रकच्या खाली, उघड्या हवेत, ते चालतं. बोटीत हाच सायलेन्सर बंद कप्प्यात येतो आणि त्या छिद्रातून कार्बन मोनॉक्साइड थेट आत. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं आणि माणसाला वाटतं, बोट लागली. म्हणून सायलेन्सर बोटीसाठी बनवलेला, पूर्ण बंद सांध्यांचाच हवा. खर्च वाचवायचा तर दुसरीकडे वाचवा, इथे नको.

धुराचा पाइप स्टेनलेस स्टीलचा, २ किलोवॉटच्या हिटरला बहुधा २२ किंवा २४ मिलिमीटरचा. हिटरपासून तो वर चढवा, पाण्याच्या पातळीच्या बराच वर वळसा द्या आणि मग उतरता नेऊन बोटीच्या कडेतून बाहेर काढा. माणसं एका बाजूला बसली की बोट कलते. वळसा नसेल तर पाणी सरळ हिटरमध्ये शिरतं. कडेला बसवायची जोडणी दुहेरी भिंतीची घ्या, कारण पाइप फायबर आणि लाकूड जाळण्याइतका तापतो. संपूर्ण लांबीला उष्णतारोधक पट्टी गुंडाळा. धुराचं तोंड मागच्या बाजूला, खिडक्यांपासून आणि माणसं चढतात त्या जागेपासून दूर. जळणाची हवा केबिनमधून घेऊ नका. आणि पेट्रोलची टाकी किंवा इंजिन असलेल्या कप्प्यात हिटर कधीच बसवू नका.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपणाऱ्याच्या तोंडाच्या उंचीला लावा. हिटर सुरू करण्याआधी बटण दाबून तपासा.

(दृश्य: टाकी, पंप.)

डिझेलसाठी टाकीत वेगळी नळी सोडा आणि ती इंजिनाच्या नळीपेक्षा आखूड ठेवा. डिझेल संपत आलं तर आधी हिटर बंद पडेल, इंजिन धक्क्याला पोहोचवेल. नळी तळापासून वर राहिल्यामुळे पाणी आणि गाळही कमी ओढला जातो. पुढे फिल्टर, मग ‘टक-टक’ वाजणारा पंप. पंप आडवा नको. निघायचं तोंड वर राहील असा तिरका, म्हणजे बुडबुडे अडकत नाहीत. नळी आतून फक्त २ मिलिमीटरची, कडक. जोडताना दोन्ही टोकं रबराच्या आत एकमेकांना टेकवा. मध्ये फट राहिली की तिथे हवा साठते आणि ज्योत फडफडते.

‘हिटर पेटत नाही’ या तक्रारीत बऱ्याचदा दोष वायरचा निघतो. पेटताना ग्लो प्लग (तापून डिझेल पेटवणारी कांडी) काही मिनिटं ८ ते १० अँपिअर ओढतो. बॅटरी हिटरपासून ५ मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन १० मीटर वायर. २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये एवढ्यात ०.७ व्होल्ट खर्ची पडतात. ६ चौरस मिलिमीटरमध्ये ०.३. पहाटे दमलेली बॅटरी भाराखाली ११ व्होल्टवर आली असेल, तर बारीक वायरीच्या टोकाला १०.३ उरतात. बरेच हिटर साडेदहाच्या आसपास स्वतःला बंद करतात. वायर जाड घ्या आणि फ्यूज बॅटरीजवळ बसवा.

गरम हवेची वाट सोपी आहे. ६० मिलिमीटरचा डक्ट, वळणं कमी, तोंड पायांजवळ. एक झरोका नेहमी उघडा, नाहीतर श्वासाची वाफ काचांवर धरते.

(दृश्य: पॅनल, बंद करणारा हात.)

डिझेल तासाला जास्तीत जास्त पाव लिटर लागतं. बंद करताना फक्त पॅनलचं बटण. पंखा पुढे दोन-तीन मिनिटं फिरून भट्टी थंड करतो, तेवढ्यात बॅटरीचा मेन स्विच काढला तर आतली उष्णता तिथेच कोंडते आणि भाग जळतात. रोज बंद करण्याआधी पंधरा मिनिटं पूर्ण जोरात चालवला की काजळी बरीच जळून जाते. पावसाळ्यात लाँच उभी असली तरी महिन्यातून एकदा, अलार्म चालू ठेवून, तो पंधरा-वीस मिनिटं पेटवा; त्याआधी फिल्टरमध्ये साठलेलं पाणी काढून टाका.