पंचवीस दिवसांची गोधडी

नमस्कार श्रोतेहो.

मे महिन्यात आमच्या नववीतल्या मुलीने माझ्या गोधडीचं गणित मांडलं. गोधडी साडेसहा फूट लांब, चार फूट रुंद. टाक्यांच्या ओळी इंचाइंचावर, म्हणजे 48 ओळी. एक ओळ 78 इंचांची आणि इंचाला तीन टाके. वहीच्या मागच्या पानावर गुणाकार करून तिने आकडा काढला, 11,232 टाके. मग मोबाईलवर वेळ लावून ती माझ्यासमोर बसली. माझे मिनिटाला पंधरा टाके भरले. "साडेबारा तास," ती म्हणाली. "रोज अर्धा तास शिवलं तं पंचवीस दिवसांत होते, आई."

अक्षय तृतीयेला अंथरलेली ती गोधडी पोळ्याला संपली. चार महिन्यांनी.

पोरीचं गणित बरोबर होतं, बरं का. मी दोनदा तपासलं. चुकलं ते एवढंच, की रोजचा अर्धा तास तिने धरून टाकला होता.

मी दारव्हा तालुक्यातली, यवतमाळ जिल्ह्यातली. घरी सहा एकर शेती आहे. कापूस, त्यात तुरीचे तास, म्हणजे ओळी, थोडं सोयाबीन. एक बैलजोडी, एक म्हैस, सासूबाई, आमचे हे आणि दोन लेकरं. मी गोधड्या विकत नाही, कुणाच्या शिवूनही देत नाही. हौस म्हणून शिवते. हे सांगायला मला बरीच वर्षं लागली, कारण आमच्याकडे बाईच्या हौसेला लोक लगेच कारण विचारतात. गोधडीची एक सोय आहे, ती कामासारखी दिसते. दारात कुणी आलं आणि हातात सुई दिसली, तर "काय सूनबाई, काम चालू हाय का?" असंच विचारतात. मी भिंतीवर चित्रं काढत बसले असते तर गावात चर्चा झाली असती.

आमच्या ह्यांना मात्र फसवता येत नाही. थर अंथरले त्याच दिवशी त्यांनी विचारलं, "घरात पाच ब्लँकेटं हायेत. आता हे काहून?"

मी म्हटलं, बहिणीच्या बाळंतपणाला लागेल. त्यावर सासूबाई आतून म्हणाल्या, "बाळाले साडेसहा फुटाची?"

त्या थरांबद्दल थोडं सांगते, कारण खरी गोधडी तिथेच ठरते. सासूबाईंचं एक जुनं नऊवारी लुगडं होतं. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. त्याचे चार तुकडे केले की प्रत्येक तुकडा दोन मीटरचा. पन्हा चार फुटांच्या आसपास. म्हणजे एकेरी गोधडीचे चार थर एकाच लुगड्यात बसले. एक अस्तराला, तीन पोटात. वर माझी चौकोनांची चादर, मामंजींच्या धोतराचे पांढरे चौकोन आणि मधूनमधून लाल. मामंजींना जाऊन सहा वर्षं झाली. धोतर पेटीतच होतं.

ते लाल कापड मी बाजारातून विकत आणलं होतं. अर्धा मीटर. सासूबाईंना हे पटलं नाही. "गोधडीले इकत कापड?" असं त्या तीन दिवस म्हणत होत्या. त्यांचं बरोबर होतं, ते का, ते पुढे येईलच.

थर अंथरायचं काम तुकड्या-तुकड्यांनी होत नाही. बाकी सगळं होतं. चौकोन कापणं, जोडणं, ओळी घालणं, कुठेही सोडा, कुठेही धरा. पण थर एकावर एक पसरून, हाताने ताणून, मधून काठाकडे कच्चा टाका घालेपर्यंत जमीन मोकळी लागते आणि तासभर कुणी मधून चालून चालत नाही. आमच्या घरात एवढी मोकळी जमीन एकदाच मिळते, रात्री दहानंतर. चार कोपऱ्यांवर चार पाटे-वरवंटे ठेवले आणि आम्ही सासू-सुना गुडघ्यांवर रांगत होतो. खालच्या थरात एक घडी राहिली होती, ती मला दिसली नाही. सासूबाईंनी ती तळहाताने ओळखली. "थांब जराक. आता राह्यली तं जल्माची राह्यते." डोळ्यांना दिसत नव्हतं त्यांना तेव्हा नीट, मोतीबिंदू होता.

माझ्या माहेरी टाका काठावरून सुरू करून गोल गोल आत नेतात. सासरी सरळ ओळी. लग्नानंतरची पहिली गोधडी मी माहेरच्या रीतीने सुरू केली आणि सासूबाईंनी अर्धी उसवायला लावली होती. आता मी सरळच शिवते. उसवण्यापेक्षा बरं.

मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या आसपास जातो. दुपारी शिवायचं तर कूलरसमोर, आणि कूलरसमोर चिंध्या उडतात. कूलर बंद केला तर घामाने सुई निसटते. त्यात कुरड्या, पापड, शेवया. वाळवणाच्या दिवसांत बोटं चिकाने अशी होतात की दोरा धरवत नाही. मे महिन्यात माझ्या सात ओळी झाल्या.

जूनमध्ये पेरणी. सुईला हात नाही. त्याबद्दल काय सांगायचं, शेतकऱ्याच्या घरात जूनमध्ये कुणी काही शिवत नाही.

एक युक्ती मात्र मुलीने काढली. मला आता चाळिशी लागली आहे, सुई ओवायलाच पाच मिनिटं जातात. अर्ध्या तासातली पाच मिनिटं म्हणजे ओळीचा तिसरा हिस्सा तरी. ती शाळेत जाण्याआधी दहा सुया ओवून उशीला खोचून ठेवू लागली. दोरा आधी मेणबत्तीवरून ओढून घ्यायचा, म्हणजे गुंता होत नाही. सुया नेहमी दहाच. रात्री केर काढण्याआधी मी त्या मोजते. एकदा नऊ भरल्या आणि कंदील, बॅटरी, मोबाईल घेऊन सगळं घर जमिनीवर. सुई सापडली आमच्या ह्यांच्या टोपीत. कशी गेली, हे अजून कुणाला कळलेलं नाही.

जुलैत सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसून मी चार ओळी घातल्या. त्या अगदी वाकड्या आहेत. मी त्या उसवल्या नाहीत, आणि यात काही भावनेची गोष्ट नाही. उसवायला वेळ नव्हता. गोधडी म्हटलं की लोक लगेच मायेची ऊब, आईचा हात सुरू करतात. मला ते ऐकवत नाही. ऊब येते ती थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. जुनं सुती कापड का लागतं? शंभरदा धुऊन त्याची खळ निघून गेलेली असते, ते मऊ पडलेलं असतं, सुईला अडत नाही, घाम टिपतं. माया असेल तर असो, पण नायलॉनच्या साड्यांची गोधडी कितीही मायेने शिवा, ती रात्रभर अंगावरून घसरते.

आणि आता सुती लुगडं आणायचं कुठून? आमच्या घरात दिवाळीनंतर एक खोली कापसाने छतापर्यंत भरते, लेकरं त्यात उड्या मारतात. एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी वेगळी काढायच्या कारखान्यात, गेला की साधारण 34-35 किलो रुई निघते, बाकी जवळपास सगळी सरकी. रुईच्या 170 किलोच्या गाठी बांधल्या जातात आणि निघून जातात. आमच्याकडून कापूस नेण्यासाठी तर एके काळी खास रेल्वे घातली होती. शकुंतला, मूर्तिजापूर ते यवतमाळ, दारव्ह्यावरून. सासूबाई लग्न होऊन कारंज्याहून त्याच गाडीने आल्या, सोबत दोन गोधड्यांचं गाठोडं घेऊन. गाडी आता बंद आहे. कापूस अजून जातो, पण परत येताना आठवडी बाजारात येतात त्या पॉलिएस्टरच्या साड्या. मीही त्याच नेसते. धुवायला सोप्या, इस्त्री नको, शेतात लवकर वाळतात. तक्रार करायला मला तोंड नाही. पण पेटीत आता सासूबाईंची दोनच लुगडी उरली आहेत, आणि त्यातलं एक त्या देणार नाहीत असं त्यांनी सांगून टाकलं आहे.

चिंध्यांची लाज त्यांना मुळीच नाही. एकदा आमच्या एका पाहुण्या बाईंनी गोधडीकडे बघून नाक मुरडलं, तर सासूबाई म्हणाल्या, "गाडगेबाबाच्या अंगावर काय होतं मंग? शालू?" गाडगेबाबा आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले, जन्म शेंडगावचा, 1876 सालचा. वेगवेगळ्या चिंध्या जोडलेलं कापड अंगावर घेत, म्हणून लोक त्यांना गोधडे महाराजही म्हणत. बायकोला लुगडं कमी भावाचं घ्या पण पोरांना शाळेत घाला, असं ते कीर्तनात सांगायचे. 1956 साली वलगावजवळ पेढी नदीच्या काठी ते गेले. सासूबाईंच्या वडिलांनी त्यांचं कीर्तन ऐकलं होतं, असं त्या सांगतात. पाहुण्या बाई पुढे काही बोलल्या नाहीत.

ऑगस्टमध्ये निंदण. त्यात मुलाला ताप, मग म्हैस व्याली. तरीही त्या महिन्यात माझ्या सगळ्यात जास्त ओळी झाल्या, कारण पाऊस. सलग चार दिवस झड लागली की शेतात पाय टाकता येत नाही. भाकरी टाकून झाल्या की मी दारात पोतं अंथरून बसायची. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या झुली दुरुस्त करायच्या होत्या, तोच दोरा हातात होता, म्हणून रात्री बसून गोधडीचा काठही घालून टाकला.

आणि बहिणीचं बाळ? ते जुलैतच झालं. त्याला मी बाजारातून टोपडं नेलं.

गोधडी पेटीत गेली. मला ती कुणाला द्यायची नव्हती आणि वापरायचीही नव्हती. अधूनमधून पेटी उघडून बघत होते. मग नोव्हेंबर लागला, रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, शेतात शिरायला लागले, आणि आमचे हे जागलीला, म्हणजे रात्री शेत राखायला, निघाले. दुसऱ्या दिवशी पेटी उघडते तर गोधडी नाही. पाच ब्लँकेटं घरात जिथल्या तिथे. संध्याकाळी विचारलं तर म्हणाले, "ब्लँकेट अंगाले टोचते. हे बरी हाय." एवढंच. मला राग येणार होता, पण आला नाही. चार महिने "काहून?" विचारणारा माणूस मचाणावर तीच घेऊन झोपत होता.

राग नंतर आला. डिसेंबरच्या सुरुवातीला अवकाळी पाऊस झाला. त्या दिवशी वेचलेला कापूस बंडीत, म्हणजे बैलगाडीत, भरून हे घरी येत होते. ताडपत्री शेजाऱ्याने नेलेली. वाटेत टपोरे थेंब सुरू झाले आणि ह्यांनी बंडीतली गोधडी कापसावर टाकली. घरी पोचेपर्यंत वीस मिनिटं. ओला कापूस कुणी भावाने घेत नाही, श्रोतेहो, हे तुम्हाला मी सांगायला नको. वरचा थोडा दमट झाला, बाकी कोरडा राहिला. गोधडी मात्र पिळून काढली तरी ठिबकत होती.

आणि तिचं धोतर गुलाबी झालं होतं. लाल कापडाचा रंग गेला होता. नवं कापड शिवण्याआधी मिठाच्या पाण्यात भिजवून, दोनदा धुऊन घ्यायचं असतं. रंग निघायचा तो निघतो, कापड आटायचं ते आटतं. मला हे माहीत होतं. अक्षय तृतीयेच्या घाईत मी ते केलं नव्हतं. सासूबाई ओसरीवर उभ्या होत्या. त्यांना आता चष्म्याशिवायही लांबचं स्वच्छ दिसतं. त्या काही बोलल्या नाहीत, त्याचाच मला जास्त त्रास झाला.

ओली गोधडी एकटीला पिळता येत नाही. दोन टोकं दोघींनी धरून उलटा पीळ द्यावा लागतो. शेजारी माझ्या जाऊबाई राहतात. दिवाळीनंतर बांधावरून झालेल्या भांडणापासून आमचं बोलणं नव्हतं. मी त्यांच्या अंगणात जाऊन नुसतं गोधडीचं एक टोक पुढे केलं. त्यांनी धरलं. पिळून झाल्यावर म्हणाल्या, "रंग पक्का नाई व्हय?" मी म्हटलं, "नाई." झालं. अजूनही आमचं फारसं बोलणं नाही, पण तारेवर ती वाळत होती तेव्हा ऊन फिरलं तशी त्यांनी ती आपणहून उलटवली, हे मी खिडकीतून बघितलं.

आता ती गुलाबी गोधडी आमचे हे वापरतात. मी दुसरी सुरू केली आहे. या वेळी सगळं कापड आधी मिठाच्या पाण्यातून काढलं आहे. मुलगी गणित करू का म्हणाली, मी नको म्हटलं. सोळा ओळी झाल्या आहेत. इथून घरी जायच्या चारच्या बसला अजून वेळ आहे, म्हणून स्टँडवर बसून दोन-तीन होतील. ही नवी गोधडी मी कुठे लपवून ठेवते, हे मात्र इथे रेडिओवर सांगणार नाही, कारण आमच्या घरी जेवणाच्या वेळेला रेडिओ चालू असतो आणि हे नेमके तेव्हाच घरी असतात.

नमस्कार.