तिसऱ्या महिन्यातली लघवी तपासणी

[उपकेंद्र, जव्हार तालुका, पालघर जिल्हा. स्पिरिटचा दिवा.]

टेस्ट ट्यूब गरोदर बाईच्या लघवीनं पाऊण भरलेली. सिस्टर ती चिमट्यात तिरकी धरतात आणि फक्त वरचा भाग तापवतात. खालचा गारच ठेवायचा, म्हणजे फरक लगेच दिसतो. हे बघा, वर गढूळ आलं. पण एवढ्यावर निकाल नाही. अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचे दोन-चार थेंब पडतात. गढूळपणा विरला, तर ते फॉस्फेट, म्हणजे साधे क्षार. तसाच राहिला, तर अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रथिन (प्रोटीन). आता लघवीत बुडवायच्या पट्टीवरही हेच कळतं: पिवळी राहिली तर ठीक, हिरवी झाली तर अल्ब्युमिन. तरी सिस्टर आशाताईंना दिव्यावरची रीत मुद्दाम करून दाखवतात, आणि योग्यच करतात.

[अंगणवाडी. पातेल्यात अंडी उकळताहेत.]

अंड्याच्या पांढऱ्यातही अल्ब्युमिनसारखंच प्रथिन असतं, तेही असंच उष्णतेनं गोठतं. म्हणून घराघरात सांगतात, ‘लघवीत प्रोटीन जातंय, डाळ-अंडी बंद कर.’ हे चूक आहे. खाल्लेलं अंडं आतड्यात पचून जातं. लघवीत दिसतं ते बाईच्या स्वतःच्या रक्तातलं, मूत्रपिंडाच्या गाळणीतून निसटलेलं. ताटातली डाळ काढून गाळणी सुधारत नाही.

पोट दिसायच्या आधीच मूत्रपिंडांचं काम वाढलेलं असतं. रक्तवाहिन्या सैलावतात, मूत्रपिंडात जास्त रक्त येतं, आणि पहिल्या तीन महिन्यांतच गाळण्याचा वेग जवळपास 50 टक्क्यांनी चढतो. म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड गाळून टाकतं तो टाकाऊ पदार्थ, उतरतं. एरवी चालून जाणारा 1.0 हा आकडा गरोदर बाईच्या रिपोर्टवर आला, तर डॉक्टरांनी थांबून बघायलाच हवा.

[ताट: भात, डाळ, पालेभाजी, अंडं.]

2015 पासून आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून असं ताट मिळतं. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रथिनं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबानं चौथ्या ते सहाव्या महिन्यात रोज 9.5 ग्रॅम जादा लागतात, शेवटच्या तीन महिन्यांत 22. उलट्यांच्या दिवसांत जादा नको, पण रोजचं तुटायलाही नको.

[माता-बाल संरक्षण कार्ड, जवळून.]

सातव्या महिन्यात अल्ब्युमिन आलं, तर ते आधीपासूनचं की आत्ताचं? पहिल्या तीन महिन्यांतली नोंद असेल तरच सांगता येतं. सोबत रक्तदाब चढला, तर झटके येऊ शकतात, आई-बाळ दोघांच्या जिवावर बेततं. लगेच दवाखाना गाठायचा.

सिस्टर तारीख घालतात. अल्ब्युमिनच्या रकान्यात लिहितात, ‘नाही’. कार्ड त्या गरोदर बाईच्या हातात देतात.